एका डीपीवरची माणसं

सौंसरजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेमागे मजुरांची वस्ती आहे. तिथले दिवे आणि संत्र्याच्या बगीच्यांच्या पाण्याच्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, चालतात. उन्हाळ्यात मोटारी सुरू झाल्या की वस्तीतल्या पंख्यांची पाती मोजता यायची. एका एप्रिलात ती डीपी जळाली आणि आठवडा उलटला तरी बदलली नाही.

वस्तीत एक बाळंतीण होती, माझीच जुनी विद्यार्थिनी. तापल्या पत्र्याखाली ती ओल्या लुगड्यानं बाळाला वारा घालत बसलेली. बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी वीज ऑफिस गाठलं.

इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, नवी डीपी लावतो. पण सगळ्या मोटारी एकदम चालल्या तर तीही जळेल. बागवाले ऐकतील का?"

"तुम्हीच येऊन विचारा," मी म्हटलं.

ते लाइनमनला घेऊन आले. चौथीच्या वर्गात बागवाले बाकांवर बसले, वस्तीतल्या बाया दाराशी, जमिनीवर. मी बायांना उठवून बाकांवर बसवलं, तशी कुजबुज एकदम थांबली.

सगळ्यात मोठा बागवाला म्हणाला, "बाई, झाड मेलं तं दहा वर्साची मेहनत जाते. पंखा नाई फिरला तं कोणी मरते काय?"

बाळंतिणीची सासू उठली. "माह्या घरी चला. मंग सांगा."

आवाज चढले. तेव्हा कोपऱ्यातला लाइनमन बोलला, "फ्यूज उडू नये म्हणून त्यात जाड तार कोण टाकून राहिलं, मले मालूम हाय. खांबावर मी चढतो. एखाद्या दिवशी मीच जळीन." त्याच्याकडे कोणी पाहीना.

शेवटी फळ्यावर पाळ्या लिहिल्या: एका वेळी तीनच मोटारी, आणि दुपारी बारा ते चार एकही नाही. इंजिनिअरनी दोन दिवसांत नवी डीपी बसवली.

तिसऱ्याच दुपारी पंखे मंदावले. बाळंतिणीची सासू आणि मी बगीच्यांकडे निघालो. मोटर त्याच मोठ्या बागवाल्याची चालू होती. तो स्टार्टरच्या पेटीसमोर आडवा उभा राहिला.

"हात लावू नका, बाई."

आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. सासू मात्र पुढे गेली.

"संत्रा तोडाले आमीच येतो ना? यंदा येऊ का नाई, आताच सांगून द्या."

तिनं जवळच्या झाडाचं वळलेलं पान चिमटीत धरलं. "झाड सुकून राहिलं, हे मले बी दिसते. सकाळी वस्तीत सगळ्या कामावर असतात. तवाचा एक घंटा जास्तीचा घ्या. दुपार आमची."

त्यानं वळून स्वतःच लाल बटन दाबलं.

त्यानंतरही दोनदा भांडणं झाली, एकदा बागवाल्यांनी शाळेत येऊन मला दम दिला. पण डीपी त्या उन्हाळ्यात टिकली. तो बागवाला माझ्याशी अजून धड बोलत नाही. सासूला मात्र वाटेत थांबून विचारतो, "नातू कसा हाय?"