कमलआत्याची ओटी आणि माझा चिखल

गंगेत बुडण्यासाठी पाण्यात उतरावं लागतं, ही माझी समजूत चुकीची निघाली. मी बागेत फिरायला गेलो होतो आणि बुडालो.

झालं असं, की साताऱ्याहून माझी कमलआत्या आमच्याकडे बनारसला आली. वय पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघा नवा कोरा. ऑपरेशनच्या वेळी ती बोलून बसली होती, "गंगामाई, पाय चालता केलास तर स्वतःच्या पायांनी येऊन तुझी ओटी भरीन." पाय चालायला लागला, पण डॉक्टरांनी पायऱ्या चढायला-उतरायला बंदी घातली. आता बनारसमध्ये पायऱ्यांशिवाय गंगा म्हणजे... जाऊ दे! तिला जायचं होतं अमृतराव घाटावर, आपल्या पुण्याच्या माणसानं बांधलेला म्हणून. पायऱ्या बघूनच माझे गुडघे दुखू लागले. परतीची गाडी त्याच संध्याकाळची होती आणि ओटी अजून पिशवीतच होती.

"आत्या, काळजी करू नकोस," मी म्हणालो. "नदीकाठी बाग आहे आमच्याकडे. सपाट! रमतगमत जायचं, ओटी भरायची, परत यायचं. मी इथलाच आहे गं, मला सगळं ठाऊक आहे."

माझी बायको माधवी काहीतरी बोलायला गेली. मी हातानंच तिला थांबवलं. (हा हात पुढे मला फार महागात पडला.)

बाग खरंच देखणी. कार्तिकातलं कोवळं ऊन, झेंडूचे वाफे, कठड्यापलीकडे संथ गंगा. आत्या काठी टेकत, एकेका झाडाला नाव विचारत निघाली. आमची कॉलेजात जाणारी लेक रेवा तिच्याबरोबर. "आजी, थक गयी तर सांग हं, बसू आपण," असं ती दर दोन मिनिटांनी म्हणे आणि आत्या दर वेळी तिच्याच पुढे निघून जाई. मी मागून ओटीचा नारळ घेऊन धापा टाकत होतो.

कठड्याला एक फाटक होतं, उघडंच. त्यापलीकडे उतार आणि खाली पाणी.

"हे बघ! आणलं की नाही गंगेपाशी?" मी विजयी मुद्रेनं म्हणालो. "तू इथूनच हात जोड. ओटी मी खाली जाऊन वाहून येतो."

"तू?" आत्या थांबली. "शऱ्या, ओटी बाईनं भरायची असते. बाप्यानं नाही."

"बरं, मग मी आधी जमीन तपासतो. नंतर तू ये."

पूर ओसरून थोडेच दिवस झाले होते. पूर जाताना गाळ ठेवून जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तो वरून पापडासारखा वाळतो, आत मात्र शिऱ्यासारखा मऊ असतो. पहिलं पाऊल पापडावर पडलं. दुसरं शिऱ्यात!

"अहो, हलू नका!" माधवी ओरडली.

मी अर्थातच हललो. घोट्यापर्यंत होतो तो गुडघ्यापर्यंत गेलो. तोल सावरायला हात पसरले तर नारळ सुटला, टुणटुण करत उतारावरून गेला आणि सरळ गंगार्पण झाला.

तोवर बागेतली सकाळची फिरणारी मंडळी कठड्याशी जमली. बनारसी माणूस संकटात धावून येतो, पण आधी चर्चा करतो.

"अरे गुरू, सीधे लेट जाइए!"

"लेटेंगे कैसे? पूरे धँस जाएँगे!"

"पिछले साल इत्ती मिट्टी नहीं थी."

"थी! उधर वाले घाट पर थी!"

मी मांड्यांपर्यंत पोचलो तरी गेल्या वर्षीच्या मातीचा निकाल लागेना.

तेवढ्यात आत्यानं रेवाच्या हातात काठी दिली, पिशवीतून हिरवीगार नऊवारी काढली आणि झटक्यात उलगडून पदर माझ्याकडे फेकला. (दुकानात मी नावापुरती, टॉवेलएवढी साडी सुचवली होती. तेव्हा आत्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सांगण्यासारखी नाही.)

"आत्या, अगं ती गंगेची साडी आहे!"

"मग तू काय गोदावरीत रुतलायस? गप पदर धर आणि कमरेला बांध!"

दुसरं टोक तिनं कठड्याला वेढा देऊन मंडळींच्या हातात दिलं आणि स्वतःच्या हिंदीत हुकूम सोडला, "ए भाऊ, बात बाद में करना! पहले खींचो!"

"हर हर महादेव!" आणि चर्चा संपली. चपला आणि अब्रू आत ठेवून मी पोटावर फरफटत वर आलो. रेवा हसून हसून खाली बसली होती.

पण साडी! चिखलानं माखलेल्या त्या हिरव्या लुगड्याकडे पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मनात धरलेली ओटी, संध्याकाळची गाडी, आणि मी!

"पलीकडे बोटींचा धक्का आहे," माधवी शांतपणे म्हणाली. "पायरी एकही नाही. नुसता फरशीचा उतार, रोज धुतात."

"मग आधी का नाही बोललीस?"

"बोलू दिलंत?"

धक्का हाकेच्या अंतरावर होता. मी दर रविवारी या बागेत येतो. पण बागेच्या दारातल्या कचोरीवाल्याच्या पुढे फारसा जात नाही, हेही खरं.

आत्या उतारावरून एकटी गेली. कुणाचा हात घेतला नाही. मघाशी साडी ओढणाऱ्या मंडळींतल्या दोघी बायकांना तिनं खुणेनं बोलावलं. तिघींनी मिळून साडी पाण्यावर पसरली, चिखल आपोआप सुटत गेला. मग हळद-कुंकू, खण, ओंजळभर तांदूळ. वाकता येत नव्हतं, म्हणून ती उभ्यानंच हात जोडून राहिली, ताठ. काय बाई आहे ही, असं मला मनापासून वाटलं, आणि डोळे भरून आले. (डोळ्यांत चिखलही गेला होता, पण पाणी खरं होतं.)

ती परत आल्यावर मी ओशाळून म्हणालो, "आत्या, नारळ राहिला गं ओटीतला."

"राहिला कुठे? माईनं आधीच घेतला की!" ती हसली. "आणि ओटीतलं काहीतरी देवी प्रसाद म्हणून परत देतेच. नारळ ठेवून घेतला, तुला परत दिला."

म्हणजे गंगामाईनं आम्हा दोघांनाही हातात घेऊन नीट पारखलं, आणि जो उपयोगाचा होता तो ठेवून घेतला!