घार आणि चोर कुप्या

कल्पना करा, तुमच्या हातात करंगळीएवढी काचेची कुपी आहे. आत इंजेक्शनचं औषध, पाण्यासारखं नितळ. समोर दिवा आणि त्याच्यामागे पाटी, अर्धी काळी, अर्धी पांढरी. कुपी मानेला धरून हलकेच गोल फिरवायची. जोरात फिरवलीत तर बुडबुडे येतील आणि तुम्ही फसाल. पाच सेकंद काळ्यापुढे धरा, पाच सेकंद पांढऱ्यापुढे. काळ्यापुढे काचेची कणी चमकते, पांढऱ्यापुढे काळा ठिपका दिसतो. बुडबुडा वर जातो, काच खाली बसते. झालं? आता पुढची घ्या. अशा दिवसाला दीड हजार.

माझ्या मावशीने हे काम तेवीस वर्षं केलं. कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणायचे. घरीही ती पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी उजेडाकडे धरते. काका म्हणतात, “अगं, पाणी प्यायचं असतं, वाचायचं नसतं.” काकांना एकदा दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा नर्सने फोडायला घेतलेली कुपी मावशीने तिच्या हातातून काढून घेतली आणि खिडकीपाशी नेऊन फिरवली. नर्स म्हणाली, “बाई, पेशंट नक्की कोण आहे?”

तपासणीच्या खोलीत एक जुनी पद्धत होती. सुपरवायझर बाई रोज कुठल्या तरी ट्रेमध्ये मुद्दाम चार-पाच खराब कुप्या मिसळून ठेवायच्या. त्यांना ‘चोर’ म्हणायचे. चोरांच्या बुडाशी खास पेनाचा ठिपका असे. तो फक्त निळ्या दिव्याखाली दिसायचा आणि निळा दिवा बाईंच्या कपाटात असायचा.

“आज किती चोर सोडलेत, बाई?” मावशी विचारायची.

“सांगितलं तर ते चोर कसले? शोध की.”

संध्याकाळी बाई निळ्या दिव्याखाली ठिपके शोधून वहीत लिहायच्या, कोणाच्या हातून किती निसटले. मावशीच्या नावापुढे अकरा वर्षांपूर्वीचा एक आकडा आहे. एक निसटला होता. आत काळा धागा होता, तळाशी, थोडा उजवीकडे. तो कसा दिसत होता हे ती आजही जेवताना मध्येच सांगते.

मग यंत्र यायचं ठरलं. त्याआधी आठ महिने मावशीला पडद्यासमोर बसवून कुप्यांचे फोटो दाखवले. चांगली की खराब, एवढंच सांगायचं. हजारो फोटो झाले. यंत्र त्यावरून शिकलं. मावशीला त्याचा अभिमानच होता. “अक्षरं मी गिरवून घेतलीत त्याच्याकडून,” असं ती शेजारच्या काकूंना सांगायची.

यंत्र मिनिटाला तीनशे कुप्या बघतं. खोलीतल्या सहाजणी दुसऱ्या खात्यात गेल्या, मावशी राहिली. यंत्राने बाजूला काढलेल्या कुप्या तेवढ्या तिने बघायच्या आणि शेवटी कागदावर सही करायची: ‘सर्व कुप्यांची तपासणी समाधानकारक.’

पहिल्या सहीच्या दिवशी ती यंत्राच्या इंजिनिअरकडे गेली. पोरगेलासा, हसतमुख माणूस.

“याला चोर कोण सोडतं?”

“मावशी, याची रोज सकाळी परीक्षा होते. वीस खराब कुप्यांची पेटी आहे. वीसच्या वीस पकडतं.”

“रोज त्याच वीस?”

“हो, ठरलेला संच आहे तो.”

“म्हणजे पेपर फुटलेला आहे.”

तो मनापासून हसला. “यंत्र पाठांतर नाही करत हो. हजारात नऊशे नव्व्याण्णव खराब कुप्या पकडतं.”

“कुठल्या हजारात?”

याचं उत्तर त्याने बरंच लांबवून दिलं. मावशीला त्यातलं एवढंच कळलं की तो हजार जुना होता.

तोवर सगळं ठीक चाललं होतं. पण या वर्षी कुप्यांची काच दुसऱ्या कारखान्याकडून येऊ लागली. बूड जरा जाड, आतली कड जरा गोल. पहिल्याच आठवड्यात यंत्राने बाजूला काढलेल्या कुप्या रोजच्या चाळीसवरून अकरावर आल्या. वरचे साहेब खूश झाले, माल सुधारला म्हणून. मावशीची झोप उडाली. माल सुधारला, की पकडणं कमी झालं?

ती बाईंकडे गेली. “यंत्रापुढे चोर सोडा.”

“नियमात नाही बसत. चालू मालात खराब कुपी सोडली तर माझी नोकरी जाईल.”

“आमच्या मालात सोडायचात की.”

“तुमच्यासाठी नियम होता,” बाई कपाटाकडे बघत म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, मावशीने बाईंच्या कपाटातलं ते पेन न विचारता घेतलं. यंत्राने बाजूला काढलेल्या कुप्यांमधून तिने एक निवडली, आत काचेची कणी होती, नुसत्या डोळ्यांना दिसणारी. बुडाशी ठिपका केला आणि कुपी यंत्राच्या तोंडाशी रांगेत उभी केली.

यंत्राने ती बाजूला टाकली. “शहाणं बाळ,” मावशी म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. तिने तीच कुपी पुन्हा लावली. पुन्हा बाजूला आली. इथे ती थांबली असती तर आज कामावर असती. तिने तिसऱ्यांदा लावली.

या वेळी कुपी आली नाही. चांगल्या कुप्यांच्या रांगेतून ती पुढे निघून गेली होती, ट्रेमध्ये, इतर हजारो कुप्यांमध्ये.

मावशीने लाल बटण दाबलं. सगळं थांबलं. बाई धावत आल्या.

“बाई, चोर मी सोडला होता. निसटलाय.”

बाईंनी खोलीतले दिवे बंद केले आणि निळा दिवा लावला. दोघी एकेक ट्रे उपडा करून बुडं बघत गेल्या. शेजारच्या खात्यातून दोन जुन्या तपासनीस मदतीला आल्या. दीड तासाने एकोणिसाव्या ट्रेमध्ये ठिपका चमकला. बाईंनी ती कुपी काळ्या पाटीपुढे धरून फिरवली. काच खाली बसली.

“का केलंस गं हे?”

“सही माझी असते, बाई.”

बाईंना अहवाल लिहावा लागला. मावशीने पेन चोरल्याचं त्यात लिहिलं नाही, बाकी सगळं लिहिलं. आता दोन आठवडे झाले, मावशी घरी आहे. चौकशीत इंजिनिअरने सांगितलं की यंत्राची चूक ठरलेल्या मर्यादेत आहे आणि माणूसही एवढं चुकतोच. मावशीने मान डोलावली. “मीही चुकले आहे. पण किती चुकले ते वहीत होतं.”

परवा कारखान्यातून कागद आला. चालू मालात खराब कुपी मिसळल्याचं तिने मान्य करायचं आहे.

“सही कर आणि मोकळी हो,” काका म्हणाले. “यंत्राचं यंत्र बघून घेईल.”

“यंत्र कुठे सही करतं?”

तिने सही केली. केलं होतं, नाकारायचं कशाला. मी तिच्याच शेजारी बसले होते. मी संगणकाला असंच शिकवायचं शिकले आहे, म्हणून तिने मनातला प्रश्न आधी मला विचारला. मग कागदावर खाली ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ अशी दोन ओळींची जागा होती, तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं:

‘माझी कुपी सापडली, कारण मी ती सोडली होती. नवी काच आल्यापासून माझ्या सहीने गेलेल्या मालात, कोणीच न सोडलेल्या अशा खराब कुप्या किती गेल्या?’