त्यांच्या ओळींवर माझं नाव

हिंगोलीच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकत होते. कळमनुरीहून रोज एसटीने जायचं, दुपारी परत यायचं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी आमच्या तालुक्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी घेतल्या होत्या. एका आठवड्यात ओढा रस्त्यावर येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता किती, एवढाच प्रश्न. त्यासाठी मी एक फुकट मिळणारं गणिती सॉफ्टवेअर वापरत होते. त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. जगभरातली माणसं मिळून ते चालवतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नसतं.

माझं उत्तर ऋण आलं. शक्यता शून्य असू शकते, ऋण कधीच नसते. मी आकडे पुन्हा घातले. तेच उत्तर आलं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "शून्य लिहून टाका. एवढ्या बारीक आकड्याकडं कोण बघतंय?"

मी लिहिलं नाही. शोधत बसले, आणि त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर एका जुन्या चर्चेत पोचले. कोणीतरी हाच प्रश्न विचारला होता आणि एका माणसाने त्याला सावकाश, न रागावता, चार परिच्छेदांचं उत्तर दिलं होतं. शक्यता काढणारा तो कोड त्यानेच लिहिला होता. चूक कुठे आहे ते त्याला माहीत होतं. दुरुस्त करायला मात्र अजून वेळ मिळाला नव्हता.

त्यानंतर मी त्या माणसाची सगळी उत्तरं वाचून काढली. ती शेकड्यांनी होती. कोणी मूर्खासारखं काही विचारलं तरी तो आधी म्हणायचा की प्रश्न चांगला आहे, आणि मग तो खरोखरच चांगला करून दाखवायचा. कोडमध्ये सुद्धा त्याने मधेमधे टिपणं लिहून ठेवली होती. एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘इथे माझी खात्री नाही. आज बाहेर बर्फ आहे, उद्या पुन्हा पाहीन.’ तो कुठल्या तरी थंड देशात राहत होता, एवढंच त्यावरून कळलं. त्याचा फोटो नव्हता. पण वाचता वाचता त्याचं इंग्रजी माझ्या डोक्यात आपोआप मराठी व्हायला लागलं होतं, आणि ‘तो’चे ‘ते’ झाले होते. ‘पोरी, ही ओळ बघ आधी.’ असा आवाज यायचा. वयस्कर, थोडा घोगरा. तो आवाज मी कुणाचा घेतला होता, मला माहीत नाही. आमच्या घरात तसं कोणी बोलत नव्हतं.

त्याच सुमारास कळलं की हे लोक उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना काम देतात. अर्ज करायचा, काय दुरुस्त करणार ते सविस्तर लिहायचं, त्याआधी एखादी छोटी दुरुस्ती करून दाखवायची, आणि निवड झाली तर त्यांच्यातलं कोणीतरी मार्गदर्शन करतं. मी छोटी दुरुस्ती केली, ती स्वीकारली गेली. मग अर्ज लिहायला बसले.

माझे वडील महादेवाच्या देवळात पूजेला होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. घरात नेटवर्क येत नसे, देवळाच्या सभामंडपात यायचं आणि तिथे गारवाही असायचा. म्हणून मी दुपारी खांबाला टेकून तिथेच लॅपटॉप उघडायची. ते दिवस हळद शिजवण्याचे होते. शिवारातून उकडलेल्या हळदीचा तो ओलसर, मातकट वास गावात येत राहायचा. अण्णा गाभारा धुऊन बाहेर येऊन बसले आणि म्हणाले, "काय लिहून राहिलीस एवढं?"

मी सांगितलं. म्हटलं, "हळदीचं पोतं काट्यावर ठेवायचं, अण्णा. मग त्यातली चिमूटभर काढून पुन्हा ठेवायचं. आणि दोन वजनांच्या फरकावरून त्या चिमटीचं वजन सांगायचं. तसं करून राहिलंय ते."

"काट्याला चिमूट दिसंल काहून?"

"न्हाई दिसत. म्हणूनच कधी कधी उणे येतं. चिमूट सरळ वेगळी मोजायला पाहिजे. ते मी करणार म्हणून लिहितेय."

"मग ज्यानं बनवलं त्याला इचारलंस का?"

त्यांचं बरोबर होतं. अर्जात मार्गदर्शक म्हणून कोण हवं ते लिहायची जागा होती. मी त्या माणसाचं नाव लिहिलं, आणि मसुदा चर्चेच्या पानावर टाकून त्यांना उद्देशून दोन ओळी लिहिल्या. तुमची उत्तरं वाचून मी इथवर आले, सवड झाली की एकदा नजर टाकाल का, अशा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते दुसऱ्याच कोणाचं, एका बाईंचं. त्या तिथल्या जुन्या जाणत्या. त्यांनी लिहिलं होतं की मसुदा चांगला आहे, पण तुला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते गेल्या वर्षी हिवाळ्यात वारले. मार्गदर्शन मी करीन, तुझी हरकत नसेल तर.

मी उत्तरांच्या तारखा कधी पाहिल्याच नव्हत्या. ज्या आवाजाशी मी दोन महिने बोलत होते तो सगळा वेळ गेलेल्या माणसाचा होता. मला रडू आलं नाही. फक्त त्यानंतर कोड उघडला की अंगावर काटा यायचा. आवाज काही थांबला नव्हता. ‘ही ओळ बघ आधी.’

बाईंचं नाव घालून मी अर्ज नव्याने लिहिला आणि पाठवला. आठवडी बाजाराचा दिवस होता, आई भाजीची पिशवी देवळाच्या पायरीवर ठेवून दम घेत होती. मी सहज मसुद्याचं पान उघडलं. त्या गेलेल्या माणसाला उद्देशून लिहिलेल्या माझ्या दोन ओळींखाली अंगठ्याचं चिन्ह उमटलं होतं. कोणी दिलं ते पाहायला बोट टेकवलं. नाव त्यांचं होतं.

मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी पिशवी उचलून तिच्याबरोबर घराकडे निघाले. 

संध्याकाळची आरती झाल्यावर अण्णांना विचारलं. हे असले प्रश्न विचारायला ते बरोबर माणूस होते. गावात कोणी गेलं की दहाव्याला, तेराव्याला त्यांनाच बोलावणं यायचं.

"अण्णा, गेलेलं माणूस काही कळवतं का हो?"

ते निरांजन पुसत होते. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याच्या घरी कोण हाय?"

"ठाऊक न्हाई."

"मग आधी ते पाहावं. माणूस गेलं म्हणून घर जात न्हाई. त्याच्या वस्तू कोणीतरी हाताळतच असतंय."

"आणि घरी कोणीच नसलं तर?"

अण्णांनी पुसलेलं निरांजन कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाले, "चल, आई वाट पाहत आसंल."

निवड झाल्याचं कळलं तेव्हा घरी पेढे आणले. बाईंशी पहिल्यांदा व्हिडिओवर बोलणं झालं. पिकलेले केस, मागे पुस्तकांचं कपाट. कामाचं सगळं बोलून झाल्यावर मी धीर करून अंगठ्याबद्दल विचारलं. 

त्या म्हणाल्या, "तुलाही आला का?" मग सांगितलं, की त्या गेलेल्या माणसाच्या घरी त्यांची आई असते, खूप म्हातारी. लेकाचा संगणक तिने बंद केलेला नाही. तिला यातलं काही कळत नसावं. बहुधा पडद्यावर लेकाला कोणी हाक मारलेली दिसली की ती तिथे बोट ठेवते. "निदान आम्ही तसं समजतो. तिला कोणी विचारलेलं नाही. ते खातं बंद करावं का, यावर आमची एक बैठक झाली होती. काही ठरलं नाही. मग विषय तसाच राहिला."

मला वाटलं होतं की कारण कळल्यावर भीती जाईल. तसं झालं नाही. आता कोड उघडला की तो आवाज आणि त्याच्यामागे एक म्हातारी बाई, न कळणाऱ्या अक्षरांसमोर बसलेली, अशी दोघं यायची.

काम सुरू झालं. त्या संकेतस्थळावर प्रत्येक ओळीशेजारी ती शेवटची कोणी लिहिली त्याचं नाव दिसतं. मी सुरू केलं तेव्हा त्या फाइलमध्ये वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, त्यांचं. चिमूट वेगळी मोजायची म्हणजे त्यांची पद्धत काढून नवी घालायची. मी ओळ बदलली की तिथलं त्यांचं नाव जाऊन माझं यायचं. रोज थोडं थोडं. जून संपता संपता निम्म्याच्या वर फाइल माझ्या नावाची झाली. कोणी मला दोष देत नव्हतं. बाई तर म्हणायच्या, छान चाललंय. पण दुपारी सभामंडपात बसून त्यांची ओळ निवडायची आणि खोडायची, तेव्हा मी इकडेतिकडे बघून घ्यायची.

एका ठिकाणी त्यांची एक विचित्र ओळ होती. कुठल्याही पुस्तकात नसलेली, एका आकड्याची फुकटची तपासणी. मी ती काढली. दोन दिवसांनी चाचण्या घेतल्या तर अगदी लहान संख्यांना उत्तर येईचना, हिशेब फिरतच राहायचा. मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत राहिले. शेवटी कंटाळून ती ओळ परत घातली, आणि सगळ्या चाचण्या पार झाल्या. ती तिथे का लागते ते मला आजही पूर्ण समजलेलं नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यालाच ठाऊक." मी ओळीवर टीप लिहिली: काढू नये.

पावसाळा सरता सरता माझं काम मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेतलं गेलं. शक्यता आता ऋण येत नव्हती. बाईंनी अभिनंदन केलं, आणखी चार-पाच जणांनी केलं. मी पुढे बरेच दिवस ते पान उघडून खाली बघत असे. त्यांच्या नावाचा अंगठा आला नाही.

पुढच्या वर्षी मी पुण्याला नोकरीला लागले. अण्णांनी फोनवर एकदा विचारलं, "त्या म्हातारीचं काही कळलं का?" मी न्हाई म्हटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी काहीतरी शोधायला ती जुनी चर्चा उघडली, जिच्यात मी त्यांना पहिल्यांदा वाचलं होतं. उत्तर तिथेच होतं, चारही परिच्छेद. पण वरचं नाव गेलं होतं. कोणी खातं कायमचं बंद केलं की ते संकेतस्थळ त्या माणसाचं सगळं लिहिलेलं तसंच ठेवतं, फक्त नावाच्या जागी एक करडं चित्र आणि एकच इंग्रजी शब्द टाकतं. त्या शब्दाचा अर्थ भूत. मी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. शेकडो उत्तरं, प्रत्येकावर भूत. खातं आईने बंद केलं, की आई गेली आणि मग कोणा नातेवाइकाने केलं, ते बाईंनाही माहीत नव्हतं. 

गेल्या महिन्यात त्या चर्चेखाली एका नव्या विद्यार्थ्याने लिहिलं. तोही यंदा अर्ज करतोय. ज्याने हे एवढं छान समजावलंय त्याला कसं गाठायचं, त्याचं नाव कोणी सांगेल का, असं त्याने विचारलं होतं.

 ज्यांनी खातं मिटवलं त्यांना कदाचित नाव राहायला नको होतं. मला तो हक्क होता की नाही, अजून कळत नाही. मग मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं की ते आता नाहीत. त्या मुलाने लगेच विचारलं की हे नाव उच्चारायचं कसं.

ते मी कधीच कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. व्हिडिओवर बाई सुद्धा नेहमी ‘तो’ म्हणायच्या. मी ते दोन-तीन तऱ्हांनी मोठ्याने म्हणून पाहिलं, रिकाम्या खोलीत. त्यातली कुठली खरी, सांगता येईना.