न दिसलेले तीन डाग

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी मूळची सांगलीची, फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलेली. नऊ वर्षं लखनौत इंदिरा नगरला राहते आणि जुनी, नाजूक चित्रं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कमेंटमध्ये 'कॅमेरा बिघडला असेल' असं लिहायच्या आधी कृपा करून पूर्ण वाचा. ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय!

काम असं – चित्रावर काही सेकंद दिव्याची ऊब द्यायची, एखाद-दोन अंश फक्त, आणि ते थंड होताना थर्मल कॅमेऱ्यातून बघायचं. जिथे आतून गिलावा सुटलेला असतो तिथे खाली हवा असते, ती जागा उशिरा निवते. स्क्रीनवर उजळ डाग दिसतो. चित्राला बोटसुद्धा लावावं लागत नाही... आणि याचाच मला फार तोरा होता.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चित्रसंवर्धन प्रयोगशाळेत जुन्या लखनौतल्या एका घरातून, भिंतीवरून गिलाव्यासकट उतरवलेलं चित्र आलं. खिडकीत उभी बाई, हातातून कबूतर सोडणारी. ते प्रदर्शनासाठी दिल्लीला पाठवायचं होतं. मी सोमवारी तपासलं, मंगळवारी तपासलं. दोन्ही दिवशी तेच तीन डाग – कोपराशी, ओढणीच्या टोकाला आणि सगळ्यात मोठा कबुतराखाली. मी आमच्या सरांना स्पष्ट सांगितलं, हे हललं तर गळून पडेल.

सर म्हणाले, "अच्छा? कल मेरे सामने दिखाइए।"

बुधवारी सकाळी अकराला तेच दिवे, तोच कॅमेरा, तेवढेच सेकंद. आणि डाग... नाहीत! एकही नाही. अख्खं चित्र एकसारखं निवत गेलं. डॉक्टर आले की आजारी माणूस ताठ बसतो ना, तसं. मी सरावाची फरशी आणली, तिच्यात आम्ही मुद्दाम पोकळी ठेवलेली आहे. ती पोकळी त्याच कॅमेऱ्यात स्वच्छ दिसली. पुन्हा चित्र घेतलं – काही नाही.

आमचे रिझवानभाई पंचवीस वर्षं गिलावा दुरुस्त करतात. कॅमेरे नव्हते तेव्हापासून नखाने अलगद टकटक करून आवाजावरून पोकळी ओळखतात. ते पुढे झाले, कबुतराशेजारी नख वाजवलं, कान दिला.

"मैडम, यहाँ तो खोखला बोल रहा है।"

आणि मी, सरांसमोर तोंडघशी पडलेली मी, त्या माणसावर खेकसले. "हाथ मत लगाइए! कितनी बार बोला है? वो ज़माना गया!"

रिझवानभाईंनी हात मागे घेतला. मी 'प्रवासास योग्य' या ओळीखाली सही केली.

तीन आठवड्यांनी चित्राची पेटी दिल्लीहून परत आली. कोपर गेलेलं. ओढणीचं टोक गेलेलं. कबुतराच्या जागी भोक, आणि पेटीच्या तळाशी चुन्याचा चुरा. सोमवारचा थर्मल फोटो शेजारी धरून बघितला – गळलेल्या जागांच्या कडा तंतोतंत त्या डागांच्याच.

सर म्हणाले, "रिपोर्ट तो आपकी ही थी।"

अंगाची लाही लाही झाली माझ्या! सरांचा राग आला, कॅमेऱ्याचा आला... हो, त्या चित्रातल्या बाईचासुद्धा आला. दोन दिवस मला खरं दाखवलंस आणि तिसऱ्या दिवशी चारचौघांत खोटं पाडलंस? का? पण सगळ्यात जास्त राग कुणाचा, ते सांगायला नकोच.

तिन्ही दिवसांच्या फाइल्स माझ्याकडे आहेत. कॅमेरा कंपनीत तपासून आला, दोष नाही. खोलीचं तापमानही तिन्ही दिवस सारखंच होतं. बुधवारी ते डाग का दिसले नाहीत, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण नीट विचार करून सांगा.

परवा नवीन चित्र आलं. कॅमेऱ्यात एकदम साफ. मी रिझवानभाईंना हाक मारली, म्हटलं, "ज़रा बजाकर देखेंगे?"

ते आले. चित्राशेजारी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"आपने मना किया था, मैडम," ते शांतपणे म्हणाले.

चित्र अजून टेबलावरच आहे. मी सही केलेली नाही.