म्हशीनं पाहिलेलं माझं पळणं

"धावायला लागा, नाहीतर वडिलांच्या वाटेनं जाल," डॉक्टर म्हणाले आणि मला ते भलतंच झोंबलं. माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, गोठ्यातच, धारेला बसल्या जागी. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. नवीन शतक नुकतंच लागलं होतं. कोपऱ्यावर तंबाखू आणायलासुद्धा मी मोटारसायकलला किक मारायचो आणि पोट असं सुटलं होतं की खाली बघितलं तर पाय दिसायचे नाहीत.

आम्ही गवळी. कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या एका पेठेत आमचं घर आणि घराला चिकटून गोठा. म्हशी चौकातल्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. पहाटे चारला उठून शेणात हात घालणाऱ्याला कुणी व्यायाम कर म्हणून सांगितलं तर हसूच येणार. आईला तर रागच आला.

"पळायचं? कुणाच्या मागं?"

"कुणाच्याच मागं न्हाय. नुसतं पळायचं."

"मग शेणाच्या दोन पाट्या जास्त काढ की! तुझा बाप कधी पळालता व्हय?"

"न्हाय पळाले म्हणूनच गेले," मी बोलून गेलो. आईनं तोंड फिरवलं.

तसं आमच्यात पळणं अगदीच अनोळखी नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची, आणि मालक मोटारसायकलवर पुढं, म्हैस मागं. दावं नाही, काठी नाही. नुसत्या हाळीवर ती गर्दीतून मालकाच्या मागं सुसाट येते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शिट्ट्या पडतात. ही सवय जनावर लहान असताना लावावी लागते. नव्वदच्या दशकात आमच्या गोठ्यात एक रेडी जन्मली, तिला मी शिकवलं. तेव्हा मी चांगला काटक होतो. मुठीत पेंडीचा गोळा धरून "ह्यो ह्यो ह्यो" करत अनवाणी पळायचो आणि ती माझ्या पाठीला नाक लावत मागं यायची. वडील कडेला उभे राहून ओरडायचे, "थांबू नगंस! मदीच थांबलास तर म्हैस बिघडती!" ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. पुढं तिनं सलग चार पाडवे गाजवले. वडिलांच्या शेवटच्या पाडव्याला त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला गुलाल लावला होता.

वडील गेल्यावर ती दोन वर्षं गाभणच राहीना. आमच्या घरात कायदा एकच, भाकड जनावर दावणीला ठेवायचं नाही. आईनं निर्वाणीचं सांगितलं, "यंदा फळली न्हाय तर वडगावच्या बाजाराला." आणि यंदा ती फळली! मी देवापुढं नारळ फोडला. डॉक्टरांनी मला पळायला सांगितलं तेव्हा तिला नववा महिना लागला होता. रेडकू सुखरूप बाहेर आलं तर ती आमच्याकडं राहणार, नाहीतर नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

थंडीच्या दिवसांत मी सुरुवात केली. आई कट्ट्यावरची गिऱ्हाइकं सांभाळायला गेली की मी कॅनव्हासचे पांढरे बूट चढवायचो आणि गोठ्यासमोरून नदीकडं पळत सुटायचो. बोळातली माणसं काय गप्प बसणार? "काय पावणं, कुठल्या गावचं? कुत्रं लागलंय का मागं?" असं रोज चालायचं. मी हसून सोडून द्यायचो.

म्हशीचं मात्र वेगळं. पहिल्या दिवशी तिनं वैरणीतनं तोंड वर काढून बघितलं. दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी रेकली. त्यानंतर कितीतरी वेळा मी तिच्या जागी उभा राहून विचार केलाय. तिला दिसत होतं ते असं: मालक रिकाम्या हातानं पळत जातो. मागं कुत्रं नाही, पुढं हिरवा चारा नाही. तासाभरानं धापा टाकत, घामानं निथळत परत येतो, तेही रिकाम्या हातानं. आणि वर खुशीत असतो! आधी खाऊन खाऊन चरबी साठवायची आणि मग ती जाळायला पळायचं, हा माणसाचा खुळेपणा तिला कुठून कळावा? जनावर भ्यालं तर पळतं, नाहीतर सावलीत बसून रवंथ करतं. पळायचं आणखी एक कारण तिला मीच शिकवलं होतं. मी पळालो की तिनं मागं यायचं. आणि आता मी रोज तिच्या डोळ्यांसमोरून पळत होतो आणि तिला बांधून ठेवत होतो.

बायको म्हणाली, "अहो, ती दाव्याला हिसकं देतीया. तुमी मागच्या बोळातनं जावा की." ऐकायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "नवं दावं बांध. काय हुत न्हाय." शहाणाच मी मोठा! तिनं बिचारीनं त्याच दिवशी नवं दावं बांधलं.

दुसऱ्या दिवशी नदीपासून बोळापर्यंत दाट धुकं होतं, बोळातलं कुणी बाहेर पडलं नव्हतं. मी उताराला लागलो आणि मागून खुरांचा आवाज आला. वळून बघतो तर ती. गळ्यात तुटलेल्या दाव्याचं टोक लोंबतंय, पोट दोन्ही अंगांना हेलकावतंय. मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. मानेवर हात ठेवून, चुचकारत घरी आणायला पाहिजे होतं. पण उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या, परगावची माणसं, त्यांनी शिट्ट्या घातल्या. "आरं बघ की! नाद खुळा!" आणि माझ्या कानात वडील ओरडले, थांबू नगंस. देवाशप्पथ सांगतो, कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. पोट विसरलो, वय विसरलो, तिच्या पोटातलंही विसरलो. तोंडातून आपोआप हाळी निघाली आणि आम्ही दोघं पार घाटापर्यंत पळालो.

घाटावर थांबलो तेव्हा तिच्या तोंडाला फेस आला होता आणि पाय लटलट कापत होते. तशातही ती माझ्या मुठीत नाक खुपसायला लागली. पेंड शोधत होती. माझ्या हातात काहीच नव्हतं.

आई परत यायच्या आत मी तिला हळूहळू चालवत आणून बांधली. तुटकं दावं उकिरड्यात पुरलं. बायकोनं ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हैस गाभडली. पोटात रेडी होती, मेलेलीच बाहेर आली. काळीभोर, अंगावर लव आलेली, खुरं अजून मऊ. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि हात धुता धुता विचारलं, "पळालीबिळाली होती का?" आई दारात उभी होती.

"न्हाय ओ," मी म्हणालो. "दावणीलाच हुती."

संध्याकाळी शेण भरताना बायको हळू आवाजात म्हणाली, "आईंना खरं सांगा. तिचा दोष न्हाय म्हटल्यावर त्या ठेवून घेतील तिला." बरोबर होतं तिचं. आई कडक होती, पण अन्यायी नव्हती. नुसतं सांगायचं होतं. पण नवव्या महिन्यातली म्हैस गवळ्यानंच उतारावर पळवली, हे माझ्या तोंडातून निघेना. ज्यानं आयुष्यात कधी म्हैस पाळली नाही त्यानंही असला गाढवपणा केला नसता. उद्या सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले. तोवर आईनं ठरवून टाकलं. "गाभ धरायची ताकदच न्हाय तिच्यात. उगं जीव लावून काय करायचं?" हे म्हणताना आई तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. तेव्हाही मी नुसती मान हलवली.

बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला. मागं फळी लावली. ती काही केल्या चढेना. व्यापाऱ्यानं शेपूट पिरगाळलं, ड्रायव्हरनं मागून रेटलं, तिनं चारी पाय रोवले. डोळे पांढरे करून माझ्याकडं बघत होती. व्यापारी वैतागला आणि त्यानं काठी उचलली.

"मारू नगा ओ तिला!" आई ओरडली. "पाडव्याची म्हैस हाय ती." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू पळ की पुढं. तुझ्या मागं ती कुटं बी येती."

मी तिला वळवून बोळाच्या तोंडाशी नेलं. दावं सोडलं. या खेपेला मुठीत पेंडीचा गोळा घेतला होता. "ह्यो ह्यो ह्यो" म्हणालो आणि पळालो. मागं खुरं वाजायला लागली, तीच जुनी चाल, पोट रिकामं झाल्यामुळं हलकी झालेली. बोळातल्या कुणीतरी सवयीनं शिट्टी घातली. मी फळीवरून टेम्पोत चढलो आणि माझ्या पाठोपाठ ती चढली, जराही न अडखळता. आत तिनं माझ्या पाठीला नाक लावलं. मी मूठ उघडली. ती पेंड खात होती तेवढ्यात बाजूच्या फळकुटावर पाय देऊन मी बाहेर उडी टाकली आणि ड्रायव्हरनं मागचं दार लावलं.

टेम्पो निघाला तशी ती रेकायला लागली. मी बोळात उभा होतो. वळणापर्यंत तिची रंग उडालेली शिंगं दिसत होती.

त्या दिवसापासून मी पळणं सोडलं. डॉक्टर रागावतात, चालतो म्हणून सांगतो. बायकोनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आई मात्र दर पाडव्याला तिची आठवण काढते. म्हणते, "म्हैस लाखात एक हुती बघ. तेवढा गाभ धरत न्हवती."

मी म्हणतो, "व्हय."