पाण्याबाहेर आलेलं अंगण

कुठं दारात चपलांचा एकटा जोड दिसला की ती केस माझ्या डोळ्यापुढं उभी राहते. आता तर माझ्याच दारात तसा एक जोड आहे. बायको जाऊन वर्ष होत आलं, मी तो हलवला नाही. पण सांगायचं आहे ते केसचं.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन घरी आलो. लिहिणं माझ्या हाताला जड जातं, म्हणून जसं झालं तसं सांगतो. नाव कोणाचं घेणार नाही.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यात धरणाजवळच्या एका ठाण्यात होतो. धरण झालं तेव्हा एक गाव पाण्यात गेलं. लोकांना सडकेच्या कडेला नवीन गावठाण मिळालं. जुन्या गावामागची टेकडी तेवढी बुडाली नाही, तिचं बेट झालं. वर गावचा मारुती आहे. शनिवारी सकाळी एक डोंगेवाला इंजिनाच्या डोंग्यातून लोकांना तिकडे नेतो, दुपारी परत आणतो. या लोकांची एक रीत आहे. चपला डोंग्यातच काढून ठेवायच्या. साऱ्या टेकडीलाच ते देऊळ मानतात.

भर उन्हाळा होता. रविवारी सकाळी नव्या गावठाणातला एक जण ठाण्यात आला. नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात कामाला होता. म्हातारी आई शनिवारी न सांगता घरून गेली ती आलीच नाही, म्हणाला. ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल केली. विहिरी पाहा, बसस्टँड पाहा, नातेवाइकांना फोन लावा, हे नेहमीचं सुरू झालं. तेवढ्यात आमच्या शिपायाला त्याच्या खबऱ्याचा फोन आला. "डोंगेवाल्याच्या झोपडीत बुढीच्या चपला हायेत. लोक त्याले मारून राहिले, लवकर या."

मुलाला गाडीत घेऊनच निघालो. पोचलो तेव्हा डोंगेवाल्याचा ओठ फुटला होता, सदरा फाटला होता. त्याची बायको मधे पडून मार झेलत होती. मुलानं चपला ओळखल्या अन् तो पण त्याच्या अंगावर धावला. "माह्या मायच्या पायात चांदीचे तोडे होते, साहेब! त्याच्यासाठी ढकललं यानं पाण्यात!"

आणखी थोडा उशीर झाला असता तर मला खुनाचाच पंचनामा करावा लागला असता. गर्दी बाहेर काढली, दार लावलं अन् डोंगेवाल्याला खाली बसवलं.

"बुढी कुठं आहे?"

"मले नायी मालूम, साहेब. परत निघाच्या टायमाले हा जोड डोंग्यात उरला. म्या इचारलं, कोनाचा हाये? कोनी बोललं नायी. लोकायले काठावर सोडलं अन् एकटा परत गेलो. बेटाले चक्कर मारला, आवाज देल्ला. ओ नायी आली."

"मग ठाण्यात काहून नाही आला?"

"आलो असतो तं तुमी काय केलं असतं?"

मी चपला पाहिल्या. खुंटीला टांगलेल्या होत्या. एकीचा अंगठा नव्या सुतळीनं शिवलेला होता.

"हे कोणी शिवलं?"

"म्याच जी. तुटेल होता. म्हटलं बुढी आली तं चालंन कशी, तापली जमीन."

ज्यानं माणूस बुडवलं तो चपला बुडवतो. धरण तर याच्या दाराशीच होतं. शिवत कोणी बसत नाही. माणूस खरं बोलतो की नाही ते मी तोंडापेक्षा हातावरून जास्त ओळखलं आहे. मग विचारलं, "जाताना ती काय बोलली?"

"सारे देवळाकडे तोंड करून बसले, हे बुढी पाण्याकडे. मले म्हने, पानी लय उतरलं व्हय? म्हटलं हो मावशी, औंदा चिंचेचं खोड बी उघडं पडलं. मंग बोललीच नायी."

दार उघडून मी गर्दीला विचारलं, "जुन्या गावात चिंच कोणाची होती?"

सारे एकमेकांकडे पाहू लागले. मुलगा म्हणाला, "मले काय मालूम? गाव उठलं तवा मी मांडीवर होतो."

मागून एक म्हातारा ओरडला, "अबे बह्याडा, तुह्याच तं आंगनात होती!"

मुलाला, शिपायाला अन् डोंगेवाल्याला घेऊन मी डोंग्यात बसलो. डोंगेवाल्यानं खुंटीवरच्या चपला सोबत घेतल्या. काठाजवळ डोंगेवाल्यानं इंजिन बंद केलं अन् माझ्या बुटांकडे पाहिलं. फुटक्या ओठाचा माणूस, मला हुकूम थोडाच देणार. मी बूट काढले. मग बाकीच्यांनीही काढले. दगड तव्यासारखे तापले होते. आम्ही उड्या मारतच वर चढलो. देवळामागून पलीकडच्या उतारावर आलो अन् मी जागीच थांबलो.

खाली गाव होतं. भिंती नाहीत, छपरं नाहीत. भेगाळलेल्या गाळात जोते, गल्ल्या, विहिरीचं दगडी तोंड, सारं कोणी जमिनीवर रेघा मारून ठेवल्यासारखं. पाखरू पण ओरडत नव्हतं. मी नोकरीत खूप काही पाहिलं, पण असं डोक्यावरची टोपी काढावी असं वाटणारं पाहिलं नव्हतं. अन् त्या साऱ्या गाळात एकच चौक लख्ख झाडलेला. भेगा गाळानं बुजवून सारवलेला, वर पाण्याचा सडा. मधोमध चिंचेचं काळं खोड. त्याला टेकून म्हातारी बसली होती. बाजूला भाकरीचं रिकामं फडकं अन् निंबाची एक फांदी. पायातले तोडे पायातच.

मुलगा ओरडत धावला. "माय!"

"थांब!" म्हातारी तिथूनच ओरडली. "दारातून ये. पाय झटक."

दार कुठलं? दोन दगड होते, मधे उंबरठ्याची खाच. पण तो थांबला, वळसा घेऊन आला, पाय झटकले अन् त्या खाचेतून आत गेला. शिपाई त्याच्या मागं, मग डोंगेवाला. भिंत घोट्याएवढी पण नव्हती, तरी कोणी ओलांडली नाही. मी पण बाहेर उभं राहून विचारलं, "येऊ का, माय?"

"या नं, बाप्पा. बसा. पानी हाये, चहा नायी."

मुलगा रडून राहिला होता. "काल हे आवाज देऊन राहिले होते. ओ काहून नायी देल्ली?"

"आयकला म्या. खोडाआड बसून राह्यली. ओ देल्ली असती तं नेलं असतं मले. आंगन झाडाचं राह्यलं होतं." मग तिनं उंबरठ्याकडे बोट केलं. "तुह्या बापाले इथून खांद्यावर नेलं होतं. औंदा घर उघडं पडलं. तसंच सोडून देऊ?"

मुलगा उठून डोंगेवाल्याजवळ गेला अन् त्याचे पाय धरले. डोंगेवाला मागं सरकत म्हणाला, "हे नोको करू. मावशीच्या चपला डोंग्यात हायेत, जाऊन आन. पाय भाजतीन तिचे."

संध्याकाळी स्टेशन डायरीत नोंद झाली : महिला सुखरूप मिळून आली. मारहाणीची तक्रार डोंगेवाल्यानं दिली नाही. मी दोनदा विचारलं होतं.

पोलिसाला शिकवतात की माणूस शेवटी कुठं दिसला ते आधी विचारा. त्या दिवसानंतर कोणी म्हातारं माणूस हरवलं की मी दुसरा एक सवाल विचारू लागलो. याचं पहिलं घर कुठं होतं? पुढं तेल्हाऱ्याकडून आलेलं एक म्हातारं या सवालावरच सापडलं, जुन्या घरामागं गुरांच्या पडक्या कोठ्यात झोपलेलं.

घरी येऊन बायकोला सारं सांगितलं. तिनं तपासाचं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कायनं झाडलं जी तिनं?"

मी म्हटलं, निंबाची फांदी होती.

"कोरडी होती का ओली?"

"मले काय मालूम!"

"इचारा लागत होतं नं," ती म्हणाली अन् चुलीकडे गेली.

आमचं अंगण तीच झाडायची. मी जन्मात झाडू हातात घेतला नव्हता. आता रोज सकाळी मीच झाडतो. चपलांच्या जोडाभोवतून झाडू फिरवतो. कोरडी फांदी, ओली फांदी, दोन्ही करून पाहिलं. ओल्या फांदीनं धूळ उडत नाही.