कंपनीचं मोठं जहाज वळवताना

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील सभेहून परतताना उरलेले गठ्ठे आणत आणि आई त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिही. मी अक्षरं त्यावरच गिरवली. एखादी गोष्ट पटली नाही की पत्रक काढायचं, हे मला फार लवकर कळलं. विसाव्या वर्षी मी जे पत्रक काढलं, ते एका खेळाबद्दल होतं.

खेळ समुद्री लढाईचा. टेबलावर निळं ऑइलक्लॉथ, त्यावर वीतभर लांबीची शिडाची जहाजं, कोपऱ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारा पुठ्ठ्याचा बाण. जहाज किती सरकलं ते फूटपट्टीनं मोजायचं, तोफ लागली की नाही ते फाशांवर ठरायचं. पिंपळवंडीचे एक काका नौदलातून पेन्शनवर आले, ते इंग्रजी नियमांची झेरॉक्स घेऊनच. त्यांनी ते नियम मराठ्यांच्या आणि इंग्रज कंपनीच्या आरमाराला बसवले, जहाजं स्वतः बाभळीतून कोरली. दर रविवारी सकाळी जुन्नरला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही खेळायचो.

कंपनीचं निशाण हाती घेणार नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

"अगं, बाभळीची जहाजं हायेत," काका म्हणाले. "बाभूळ कुठल्या कंपनीची?"

"बाभळीची असोत नाहीतर सोन्याची. मी नाही."

"बरं बाई. मी व्हतो गोरा. रंगाचं तेवढं सांभाळून घे."

तीन वर्षं ते गोरे झाले आणि तीन वर्षं मी त्यांना बुडवलं. मराठ्यांची गलबतं लहान, पण त्यांना वल्ही असतात. वारा समोरून असला तरी ती हवी तिकडे वळतात. कंपनीचं मोठं जहाज वाऱ्याच्या तोंडावरून वळायचं तर अंगात वेग लागतो. वेग कमी पडला की नाक वाऱ्यात अडकतं, शिडं फडफडत राहतात आणि जहाज जागच्या जागी उभं. मग गलबतांनी मागून जायचं, कारण मागच्या बाजूला त्याच्या तोफा नसल्यातच जमा. मी काकांना दर रविवारी असंच गाठायचे.

पत्रकात मी लिहिलं होतं की खेळातली गुलामीही गुलामीच असते. चाळीस प्रती काढून स्टँडवर वाटल्या. एका कंडक्टरनं वाचून विचारलं, "ताई, कुठल्या वॉर्डातून उभ्या ऱ्हायलाय?"

या खेळाची वर्षातून एक स्पर्धा व्हायची. पुणे, नाशिक, अलिबाग अशा सात-आठ जोड्या येत. रीत अशी, की जिंकणाऱ्या जोडीच्या गावी पुढची स्पर्धा. आदल्या वर्षी घोडेगावच्या पंचायत समितीतल्या एका क्लार्कची जोडी जिंकली होती, म्हणून मी आणि काका जोडीनं उतरलो त्या वर्षी स्पर्धा घोडेगावात होती. काकांच्या हे फार मनाला लागलं होतं.

"घोडेगावला व्हती, मग जुन्नरला का न्हाई?" हे ते महिनाभर म्हणत होते. जुन्नरमधलं एक मंगल कार्यालय त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं. कोण कुठे झोपेल, जेवण कुणाकडे सांगायचं, तेही ठरलं होतं. फक्त जिंकायचं राहिलं होतं.

अंतिम सामना क्लार्कच्या जोडीशीच पडला. सामन्यात दोन डाव, जोडीतल्या प्रत्येकाचा एकेक. कोण आधी खेळणार ते लिहून दिल्यावर चिठ्ठी निघे, आणि दुसऱ्या डावात बाजू बदलत. आम्ही काकांना आधी ठेवलं. आधीच्या सामन्यांत नशिबानं त्यांना कंपनीच निघाली होती, या वेळी चिठ्ठीत मराठे निघाले. काका पहिल्यांदाच गलबतं घेऊन बसले आणि जिंकले. म्हणजे कंपनी माझ्याकडे आली. डाव एक-एक झाले तर मान आदल्या विजेत्यांकडेच राहायचा, पण मी तीनपैकी दोन जहाजं बाराव्या खेळीपर्यंत तरंगती ठेवली असती, तरी सामना आमचा होता.

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बसायचं नसंल तर आत्ता सांग. मी पंचाला सांगून डाव सोडतो. मधी उठू नको."

तत्त्व माझं होतं, स्पर्धा त्यांची. मी म्हटलं, "खेळते."

सात खेळ्या ठीक गेल्या. प्रत्येक खेळीला दोघांनी हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. आठव्या खेळीला क्लार्कची दोन गलबतं माझ्या पुढच्या जहाजाच्या मागे यायला निघाली. मला भीती वाटली आणि मी लिहिलं, वाऱ्याच्या तोंडावरून वळा. गलबताला लिहितात तसं. वेग किती उरलाय ते पाहिलंच नाही.

पंचांनी चिठ्ठी वाचली. "वेग अपुरा. जहाज उभं."

क्लार्कनं चिठ्ठी स्वतः पाहिली. "ताई, हे खरंच लिवलंय का तुमी?"

मागून येणारं माझंच दुसरं जहाज त्या उभ्या जहाजावर आदळलं. दोन्ही एकमेकांत गुंतली. पुढच्या तीन खेळ्यांत सगळं संपलं.

पुण्याच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी मी त्यांना माझं पत्रक दिलं होतं. एकजण पुढे येऊन म्हणाला, "मानलं तुम्हाला. हातातली स्पर्धा सोडलीत, पण कंपनीला जिंकू दिलं नाहीत." मी नमस्कार केला.

परत येताना काकांनी मोटरसायकल चहाच्या टपरीवर थांबवली. जहाजांची पेटी माझ्या मांडीवर होती.

"मुद्दाम केलंस?"

"नाही."

"तीन वर्सं मला ज्यात धरतीस, त्यातच तू सापडतीस व्हय?"

"धरायचं येतं मला, काका. सुटायचं कधी शिकले नाही."

"मग टाळ्या कशाला घेतल्यास?"

मी पेटी उघडून जहाजं मोजली.

पुढची स्पर्धा अर्थात घोडेगावातच ठरली. कंपनीकडून खेळायचं नाही, हे मला आजही चूक वाटत नाही. चूक ही, की ज्या बाजूला मी नावं ठेवली, ती चालते कशी हे मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. आणि त्या न पाहण्याला लोक त्याग म्हणत होते. हा खेळ खेळणाऱ्यांच्या चारपानी मासिकात माझ्यावर अर्धं पान आलं, तत्त्वासाठी विजय नाकारणारी तरुणी म्हणून. मी संपादकांना पत्र लिहिलं: मी विजय नाकारला नाही, मला मोठं जहाज वळवता येत नाही, जुन्नरची स्पर्धा माझ्या अडाणीपणानं गेली. पत्र पुढच्या अंकात छापलं गेलं. खाली संपादकांची एक ओळ होती. लेखिकेचा विनय तिच्या तत्त्वनिष्ठेला शोभणारा आहे.

अंक घेऊन मी पिंपळवंडीला गेले. काका कांद्याच्या चाळीत कांदे निवडत होते. त्यांनी हात पुसून पत्र वाचलं, खालची ओळ दोनदा वाचली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसले.

"ह्ये काय मानायचे न्हाईत," ते म्हणाले. "पर मी मानतो, पोरी. तुला येतच न्हाई ते."